पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

नागपुरातल्या नंदनवन भागातली पोट्टी-पोट्टे वस्तीचा प्रश्न घेऊन माझ्याकडे आली की मी आधी विचारते, निवेदनाच्या प्रती किती काढल्या? बहुतेक वेळा एकच काढलेली असते. ती साहेबांच्या टेबलावर ठेवली, फोटो ग्रुपवर टाकला, झालं. महिन्याने गेलं तर ऐकायला मिळतं, असं काही आमच्याकडे आलंच नाही.

म्हणून दोन प्रती काढा. महापालिकेच्या झोन ऑफिसात आवक-जावकची खिडकी असते. एक प्रत तिथे द्यायची, दुसरीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही मागायची. हीच पोच. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ म्हणाले तरी हलू नका. नम्रपणे सांगा, पोच द्या, मग जातो. आवाज चढवायची गरज नाही, पण तिथून निघायचीही नाही.

त्याआधीचं काम म्हणजे प्रश्न छोटा करणं. ‘परिसरात अंधार आहे’ या वाक्याचं कोणी काही करू शकत नाही. संध्याकाळी क्लास सुटल्यावर मुली ज्या रस्त्याने येतात, तो दोघातिघांनी चालून बघा. बंद दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तो लिहून घ्या, नसेल तर समोरच्या घराची किंवा दुकानाची खूण लिहा. अशी यादी जोडलेली असली की अभियंत्याला जागा विचारत बसावं लागत नाही आणि टाळायला कारणही उरत नाही.

मग काम कोणाचं ते शोधा. नागपुरात इथेच बरेच जण अडकतात. महानगरपालिकेचे दहा झोन आहेत, पण काही लेआउट नागपूर सुधार प्रन्यासच्या अखत्यारीत येतात, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात, वीजपुरवठा महावितरणचा. चुकीच्या दारात गेलात तर ‘हे आमच्याकडे नाही’ एवढंच हाती लागेल. ते उत्तरही लेखी मागा, पुढच्या दारात उपयोगी पडतं.

निवेदन मराठीत, एका पानात. प्रति, सहायक आयुक्त, अमुक झोन. विषय एका ओळीत. खाली सह्या, प्रत्येकीसमोर पत्ता. रहिवाशांच्या सह्या हव्यात, बाहेरच्या मित्रमंडळींच्या नकोत. घराघरांतून सह्या घेताना काकू-आजींशी बोलणं होतं, आणि मला तर हेच खरं राजकारण वाटतं.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्याखाली अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ‘दिवे का लागत नाहीत?’ असं विचारू नका. कागद मागा: आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीची प्रत, त्या रस्त्याच्या देखभालीच्या कंत्राटाची प्रत. पोच जपून ठेवा म्हणते ती यासाठीच. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही काही झालं नाही तर राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही.

नगरसेवकांनाही प्रत द्या, आणि प्रभागातल्या सगळ्यांना द्या, फक्त ओळखीच्या एकाला नाही. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत निवडून आलेलं कोणीच नव्हतं, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. त्या काळात दाद मागायला कोणाकडे जावं हे लोकांना कळत नव्हतं. आता विचारायला माणसं आहेत, तर विचारा.

संविधान चौकात धरणं किंवा विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चा, हे मोठ्या मागण्यांसाठी. त्याला पोलिसांची परवानगी आधी लेखी घ्यावी लागते. शिष्टमंडळाला आत बोलावलं तर तेव्हाही हातात तीच पोच लागलेली फाइल हवी.

आणि मतदार यादी. वय १७ पूर्ण असेल तर नवीन नाव नोंदवायचा फॉर्म ६ आधीच भरून ठेवता येतो. पात्रतेच्या तारखा आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. गडचिरोली-चंद्रपूरहून शिकायला आलेल्यांनी नाव गावात ठेवायचं की नागपुरात आणायचं ते ठरवावं, दोन्हीकडे चालत नाही. इकडे आणायचं असेल तर फॉर्म ८. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे बूथ पातळीवरचे अधिकारी, पडताळणीला येतील तेव्हा खोलीवर कोणीतरी असू द्या, नाहीतर घरमालकांना सांगून ठेवा.