गावच्या बंद घरातला रास्पबेरी पाय मुंबईहून कसा चालवावा

गुहागर असो, देवगड असो की मालवण, मांडणी साधारण सारखीच असते. घर वर्षातले दहा महिने बंद, माणसं गणपतीला आणि शिमग्याला येणार, आणि मधल्या काळात टाकीची पातळी, बागेचा पंप किंवा अंगणातला कॅमेरा बघायला एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) ठेवलेला. तो मुंबईहून कसा चालवायचा हे सांगणारे बहुतेक लेख 'एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून पायला आज्ञा द्यायची सोय) सुरू झालं' इथेच थांबतात. तेवढं काम पंधरा मिनिटांचं आहे. अवघड भाग वेगळाच आहे: जुलैतल्या रात्री लाइट गेली, पहाटे आली, घरात कुणी नाही, तरी पायने आपणहून परत संपर्कात आलं पाहिजे.

सामान कमीच लागतं. पाय ४ घ्या, २ जीबीचा पुरतो. सोबत ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर, ३२ जीबीचं हाय एन्ड्युरन्स (सतत लिखाण सोसणारं) मेमरी कार्ड आणि लॅन केबल. झीरो २ डब्ल्यू स्वस्त आहे, पण त्याला लॅनची खाच नाही, म्हणून बंद घरासाठी मी तो सुचवणार नाही. वायफाय म्हणजे बिघडायची आणखी एक जागा, आणि ती दुरुस्त करायला तिथे कुणी नसतं. मोबाइलचा जुना चार्जर लावू नका. भार पडला की त्याचा व्होल्टेज घसरतो, ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय अशक्तपणाची तक्रार नोंदवतो, आणि मग कार्ड खराब होण्यासारखे विचित्र दोष सुरू होतात. दोन दिवस चालवल्यावर टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा देऊन बघा (इथल्या सगळ्या आज्ञा टाइप करताना इंग्रजी अक्षरांत). उत्तर ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर मधे कधीतरी वीज कमी पडली होती. अडॅप्टर किंवा केबल बदला.

कार्ड रास्पबेरी पायच्या इमेजर या प्रोग्रामने लिहा, पायच्या ऑपरेटिंग सिस्टमची लाइट (डेस्कटॉपशिवायची) आवृत्ती निवडा. नाव, वापरकर्ता, पासवर्ड, टाइमझोन आणि एसएसएच हे सगळं तिथेच भरता येतं. वापरकर्ता 'पाय', पासवर्ड 'रास्पबेरी' असं सांगणारा सल्ला जुना आहे, ती ठरीव जोडी एप्रिल २०२२ मध्येच काढून टाकली. घरातल्या लॅपटॉपवरून नावापुढे '.लोकल' लावून एसएसएच जमलं की ही पायरी संपली.

आता बाहेरून आत येणं. इथे सर्वात जास्त मिळणारा आणि सर्वात वाईट सल्ला म्हणजे 'राउटरवर पोर्ट २२ (एसएसएचचं दार) उघडा'. आधी एक तपासणी करा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही. कंपनी एकच खरा पत्ता शेकडो घरांत वाटते, त्याला सीजीनॅट म्हणतात. सिमवर चालणाऱ्या राउटरला बहुधा असाच पत्ता मिळतो, फायबरवरही अनेकदा. अशा जोडणीत राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, आणि डायनॅमिक डीएनएसचे (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणाऱ्या सेवेचे) पैसेही फुकट जातात. पत्ता खरोखर तुमचा असला तरी पोर्ट उघडू नका. उघडं पोर्ट २२ सापडलं की पासवर्ड ठोकून बघणारे बॉट काही तासांतच येतात.

म्हणून दिशा उलटवायची: पायनेच बाहेर जोडणी करायची आणि ती धरून ठेवायची. त्यासाठी टेलस्केल वापरा. ते तुमच्याच यंत्रांचं खासगी जाळं बांधतं, वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर बांधलेलं आहे आणि घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. त्यांच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठी एक ओळ दिलेली असते, ती टर्मिनलमध्ये डकवा, मग 'सुडो टेलस्केल अप' म्हणा आणि आलेल्या दुव्यावर लॉगिन करा. फोनवर आणि लॅपटॉपवरही त्याच खात्याने टेलस्केल घाला. पायला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. तो राउटरच्या सीजीनॅट पत्त्यासारखा दिसतो, दोघांची गल्लत करू नका. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असली तर कधीकधी थेट जोडणी होत नाही आणि वाहतूक टेलस्केलच्या रिलेमधून (मधल्या सर्व्हरमधून) जाते. एसएसएचला त्याने फरक पडत नाही, कॅमेऱ्याचं चित्र मात्र अडखळतं.

हे झाल्यावर लगेच, त्याच बैठकीत, टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन या पायसाठी 'डिसेबल की एक्स्पायरी' निवडा. मूळ सेटिंगप्रमाणे यंत्राची लॉगिनची किल्ली १८० दिवसांनी संपते आणि नव्याने लॉगिन मागते. गणपतीत बसवलेला पाय बरोबर शिमग्याच्या आसपास गप्प होतो. लोक राउटरला दोष देत राहतात.

दुसरी वाटही ठेवा. रास्पबेरी पाय कनेक्ट ही पाय बनवणाऱ्यांचीच मोफत सेवा आहे, ब्राउझरमधून टर्मिनल मिळतं. आरपीआय-कनेक्ट-लाइट बसवून साइन-इन करा. पण लाइट आवृत्तीत एक फसवी गोष्ट आहे: ही सेवा वापरकर्ता लॉगिन असेपर्यंतच जिवंत असते. चाचणी घेताना तुम्ही एसएसएचने आत असता, म्हणून सगळं छान दिसतं, आणि रीबूटनंतर ती उठतच नाही. 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' ही आज्ञा एकदा दिली की हा प्रश्न मिटतो.

आता वीज जाण्याचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढा बॅकअप कुणी ठेवू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. उद्दिष्ट दोनच: पाच-दहा मिनिटांचे झटके पचवणं, आणि मोठ्या खंडानंतर नीट उठणं. पहिल्यासाठी राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस (पायसाठी वेगळे ५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा असेल तरच) किंवा घरातला इन्व्हर्टर चालेल, पण पाय आणि राउटर दोन्ही त्यावरच हवेत. फायबर असेल तर भिंतीवरचा ओएनटी (फायबरची तार जिथे येते ती डबी) अनेकदा वेगळा असतो, तो विसरला तर बाकी दोन्ही चालू राहून उपयोग नाही.

दुसऱ्यासाठी कार्ड वाचवायचं. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टम तुटते, आणि मग मुंबईहून काहीच करता येत नाही. 'रास्पी-कॉन्फिग' या पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टम आहे. ती चालू केली की सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि कार्डाला हात लागत नाही. क्रम मात्र पाळा. टेलस्केल, कनेक्ट, लिंगर, तुमचे प्रोग्राम हे सगळं बसवून तपासून झाल्यावरच ओव्हरले. आधी केलंत तर पुढच्या रीबूटला तुमचं लॉगिनसुद्धा पुसलं जाईल. पंप किंवा पावसाच्या नोंदी साठवायच्या असतील तर त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर. अपडेटसाठी ओव्हरले बंद करून रीबूट, पुन्हा चालू करून रीबूट करावं लागतं. हा उद्योग घरी गेल्यावरच करा.

लाइट आल्यावर पाय मिनिटाभरात उठतो, राउटरला मात्र दोन-चार मिनिटं लागतात. पाय ४ मध्ये वीज गेल्यावरही चालणारं घड्याळ नाही, त्यामुळे नेटवरून वेळ मिळेपर्यंत तो जुन्याच तारखेत असतो आणि सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात. दहा मिनिटं थांबा. इथे लोक घाईने 'इंटरनेट नसेल तर रीबूट कर' अशी स्क्रिप्ट घालतात. पावसात लाइन दोन दिवस बंद असली की ती यंत्राला दर पाच मिनिटांनी आपटत राहते. घालायचीच तर सलग दोन तास नेट नसेल तरच रीबूट, एवढी सैल ठेवा.

जागा माजघरात, हातभर उंचीवर. पडवीत खारी हवा थेट लागते, कौलांखालच्या माळ्यावर मे महिन्यात इतकी उष्णता असते की चिप ८० अंशांवर जाऊन पाय स्वतःहून मंद होतो. डबीची भोकं खालच्या बाजूला ठेवा, मुंग्या आणि पाली आत शिरू नयेत म्हणून त्यावर बारीक जाळी लावा. सिलिका जेलच्या पुड्या भोकांच्या डबीत पावसात लवकरच निकामी होतात. चालू पाय आपल्याच उबेने कोरडा राहतो, गंज धरतो तो बंद पडलेला. महिन्याला दोन-सव्वादोन युनिट लागतात, तेवढे खर्चा. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय व्यर्थ आहे, आणि जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो. वळवाच्या विजा सुरू होण्याआधी त्यात पाणी ओतायची व्यवस्था करा.

निघण्याआधी चाचणी. मेन स्विच बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून आत शिरून बघा. घरच्या वायफायवरून घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. मग फक्त राउटर बंद-चालू, मग फक्त पाय. तिन्ही वेळा हात न लावता परत आला तरच कुलूप लावा.

मुंबईत गेल्यावर 'पॉवरऑफ' आणि 'टेलस्केल डाउन' या दोन आज्ञा चुकूनही देऊ नका. रीबूट हवा तर रीबूट म्हणा. पॉवरऑफ झालेला पाय वीज तोडून पुन्हा दिल्याशिवाय उठत नाही. म्हणून पायची वीज ज्याने खरोखर तुटते त्या बटणावर लाल चिकटपट्टी लावा आणि किल्ली ज्या काकूंकडे असते त्यांना ते दाखवून ठेवा. फोनवर एवढंच सांगावं लागेल: "काकू, लाल पट्टीचं बटण बंद करा, दहा आकडे मोजा आणि परत चालू करा."