दहावीच्या बॅचच्या स्मरणिकेत प्रत्येकावर चार ओळी कशा लिहायच्या

पंचवीस वर्षं झाली की ग्रुपवर कोणीतरी स्नेहमेळाव्याचा विषय काढतंच, आणि मग स्मरणिका काढूया असं ठरतं. आमची २००१ ची बॅच, बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दहावी अ, पटावर ५४ जण. प्रत्येकावर थोडं थोडं लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि तीन महिने मी तेच करत होते. कोणाला करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून कसं केलं ते लिहितेय.

सुरुवात हजेरीपटापासून करा, व्हॉट्सॲप ग्रुपपासून नको. ग्रुपवर आम्ही ३८ च होतो, म्हणजे १६ जण तिथंच गळाले असते. शाळेत जुना पट मिळाला तर उत्तम, नाहीतर तिघाचौघांनी एकत्र बसून नंबरवार नावं म्हणायला लागा, रोज ऐकलेली हजेरी असते ती, एकदा लय लागली की आडनावासकट आपोआप येते. आधी मुलं मग मुली, तसाच क्रम स्मरणिकेत ठेवा म्हणजे कोण आधी कोण नंतर हा प्रश्नच येत नाही.

मुली शोधायला जास्त वेळ धरा. लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, काही घरांत नावसुद्धा बदलतात, त्यामुळे फेसबुकवर शोधून काही हाती लागत नाही. माहेरी जा. भाऊ, वहिनी, नाहीतर गल्लीतल्या काकू, कोणीतरी नंबर देतंच. आणि छापताना माहेरचं नाव आधी आणि मोठं घाला, कारण आपण तिला त्याच नावानं ओळखतो.

मग माहिती गोळा करायची. "तुझ्याबद्दल काहीतरी पाठव" असं म्हटलं की लोक नोकरी, मुलं आणि फ्लॅट पाठवतात. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारा, मधल्या सुट्टीत कुठं बसायचास, डब्यात काय असायचं, बाकावर शेजारी कोण, कोणत्या सरांची भीती वाटायची. टाइप करायला सांगू नका, व्हॉइस मेसेज मागवा, माणूस बोलायला लागला की मोकळा होतो. आणि प्रत्येकाबद्दल दुसऱ्या दोघांना विचाराच, कारण स्वतःचं चांगलं माणसाला स्वतःला आठवत नाही.

लिहिताना मनमिळाऊ, हसतमुख, हुशार, खोडकर हे शब्द मी आधीच काढून टाकले. ५४ पैकी ३० जणांना मनमिळाऊ लिहिलं तर कोण कोण ते कळणारच नाही ना. माणूस काय करायचा ते लिहा. आमचा हजेरी नंबर १७ घ्या, त्याच्याबद्दल पहिल्यांदा मला दोनच गोष्टी कळल्या होत्या, वडिलांचं सायकलचं दुकान आणि इंग्रजी राहिलं म्हणून ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसला. मग विचारत गेले, आणि शेवटी हे लिहिलं:

"मधल्या सुट्टीत हा सायकल स्टँडवर असायचा. कोणाचं चाक बसलेलं दिसलं की न विचारता ट्यूब काढायचा, टाकीजवळच्या बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचा, तिथं बोट दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं खिशातली कानस काढायचा. घासून, सोल्युशन लावून, फुंकर मारत बसायचा. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी पॅच नीट दाबल्याशिवाय उठायचा नाही. वर्गात उशिरा आला म्हणून उभा राहायचा, पण कोणामुळे उशीर झाला ते कधी सांगितलं नाही."

इंग्रजीचं लिहिलं नाही, गरजच नव्हती. कोणाचेही मार्क छापू नका, पहिल्या आलेल्याचेही नाही. ज्यांनी शाळा सोडून नंतर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून परीक्षा दिली ते पण आपल्याच वर्गातले, त्यांनाही तितकीच जागा द्या. मी प्रत्येकाला जास्तीत जास्त सव्वाशे शब्द ठरवले होते आणि पाळले.

टोपणनावं विचारल्याशिवाय घालू नका. तेव्हा सगळे हसायचे म्हणजे त्यालाही आवडत होतं असं नसतं, रंगावरून, अंगावरून, जातीवरून पडलेली नावं तर अजिबातच नकोत. कोणी कोणाला चिठ्ठी दिली होती वगैरे पण नको, ही स्मरणिका घरात नवरा, सासू, मुलं सगळी वाचणार आहेत. छापायच्या आधी ज्याचा त्याला मजकूर वाचून दाखवा. फोनवर वाचून दाखवताना समोरचा गप्प झाला तर घाई करू नका, थांबा.

आमच्यातले दोघं आता नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं काळ्या चौकटीचं पान करायचं नाही असं मी ठरवलं, ते आपापल्या हजेरी नंबरवरच आहेत, बाकीच्यांसारखेच, फक्त शेवटी एक ओळ. पण त्यांच्या घरी स्वतः जा. एकाच्या आईला मी वाचून दाखवलं, त्यात तो एसटीच्या खिडकीतून दप्तर टाकून जागा धरायचा असं होतं, त्या म्हणाल्या, "अगं, त्यात माझा डबा सांडायचा रोज." ती ओळ पण घातली.

छपाईचं थोडक्यात. पुस्तिकेला मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत लागतात, आमची ३२ झाली. डीटीपीवाले बऱ्याचदा श्रीलिपी या फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, आपण मोबाइलवर टाइप केलेलं तिकडे नेताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून नावं कागदावरच्या प्रुफात एकेक करून तपासा. आपलं नाव चुकलेलं बघून जे वाईट वाटतं ते बाकी कशानं भरून निघत नाही.

जो सापडत नाही त्याची जागा काढून टाकू नका. आमची ४१ नंबर अजून सापडली नाही. दहावीच्या दिवाळीनंतर तिच्या घरचे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेले, ती पण गेली आणि परत वर्गात आली नाही. बाकावरच्या मैत्रिणीकडे तिची भूमितीची वही राहिली होती, खाकी कव्हरची, अजून जपून ठेवलीय. वहीवरच्या लेबलचा फोटो काढून आम्ही तिच्या जागी छापला, तिच्याच अक्षरात तिचं नाव, इयत्ता १० वी अ, विषय भूमिती. त्या फोटोखाली माझा फोन नंबर दिलाय.