संमेलनाला निघालात? कॅमेऱ्याआधी पेनड्राइव्ह तपासा

साताऱ्याला भरणाऱ्या निसर्ग छायाचित्रकारांच्या वार्षिक संमेलनात माझी जागा ठरलेली आहे: स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, लॅपटॉपच्या टेबलाशी. समोर पडदा, मागे अंधारात दीड-दोनशे माणसं आणि हातात कुणाचा तरी पेनड्राइव्ह. गळ्यात लाखाची लेन्स अडकवून आलेला माणूस तीनशे रुपयांच्या पेनड्राइव्हपायी कसा घामाघूम होतो, ते इथून फार जवळून दिसतं. त्यातल्या बहुतेक चुका घरीच झालेल्या असतात, हॉलमध्ये त्या फक्त उघड्या पडतात.

रंगापासून सुरू करतो. एका वर्षी एका काकांनी साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या तेरड्याचे फोटो आणले होते. त्यांच्या लॅपटॉपवर गुलाबी-जांभळा गालिचा आणि पडद्यावर तोच गालिचा दहा वर्षं धुतलेल्या चादरीसारखा. काका म्हणाले, "प्रोजेक्टर गंडलाय तुमचा." प्रोजेक्टर ठीक होता. फोटो ॲडोबी आरजीबी या कलर स्पेसमध्ये (म्हणजे रंग साठवायच्या पद्धतीत) सेव्ह केलेले होते. बरीचशी साधी सॉफ्टवेअर ते नीट वाचत नाहीत आणि रंग फिके पाडतात. पडद्यासाठी फोटो एक्सपोर्ट करताना एसआरजीबी ही कलर स्पेस निवडायची, एवढाच उपाय. चहाच्या सुट्टीत आम्ही काकांच्या फायली बदलल्या आणि तेरडा परत गुलाबी झाला. काकांनी मात्र जाता जाता पुन्हा प्रोजेक्टरकडे संशयाने बघितलंच.

दुसरा घोळ उजेडाचा. रात्री अंधाऱ्या खोलीत, लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून फोटो एडिट केला, की तो छान गडद, गूढ वाटतो. हॉलमध्ये दाराच्या फटीतून उजेड येत असतो. तिथे त्या गूढ फोटोत बिबट्या आहे की दगड, ते सांगावं लागतं. ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून, दिवसा एकदा बघा. शंका आली तर फोटो थोडा उजळच ठेवा.

आता मराठी अक्षरं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं शीर्षक दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडलं, की "सह्याद्रीतले बेडूक"च्या जागी चौकोन आणि उद्गारचिन्हांची रांग येते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही लॅपटॉपला वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करा आणि सोबत त्याच स्लाइड्सची पीडीएफ ठेवा. पीडीएफ कुठेही उघडते. व्हिडिओ असेल तर तो त्याच फोल्डरमध्ये वेगळाही कॉपी करा, कारण स्लाइडमध्ये नुसती लिंक असेल तर व्हिडिओ घरी राहतो आणि पडद्यावर काळा चौकोन येतो. स्वतःच्याच लॅपटॉपवरून दाखवायचं असेल तर प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर आपल्या लॅपटॉपला जोडायचा कन्व्हर्टर आपला आपण आणावा. आणि पडद्यावर काहीच दिसत नसेल तर घाबरून वायरी उपसू नका. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा, 'डुप्लिकेट' निवडा. दहातल्या सात वेळा तेवढ्यावर भागतं.

उभ्या फोटोंचं गणित कुणी करतच नाही. पडदा बहुधा १९२०×१०८० पिक्सेलचा. तुमचा धनेशाचा उभा फोटो त्यात १०८० उंचीचा बसतो, म्हणजे रुंदी ७२०. पडद्याचा तिसऱ्या हिश्शाहून थोडाच जास्त भाग, बाकी काळं. तेव्हा उभे फोटो मोजकेच ठेवा, नाहीतर दोन शेजारी शेजारी लावा.

आणि संख्या. बारा मिनिटांसाठी नव्वद स्लाइड्स आणणारे लोक दरवर्षी असतात. मी टेबलावरून बोट दाखवतो, वेळ संपली. ते म्हणतात, "फक्त पटकन पुढे नेतो." मग खंड्या, वेडा राघू, नवरंग असे आगगाडीच्या खिडकीतून दिसावेत तसे पळतात आणि एकही लक्षात राहत नाही. पंचवीस पुरे झाले. त्यातलेही पाच कमी केलेत तर सभागृह आशीर्वाद देईल.

इथवरच्या चुका दुरुस्त होतात. पुढची होत नाही. एका तरुणाने घरट्यातल्या पिल्लांचा फोटो लावला. स्वच्छ, धारदार, चार उघड्या चोची, प्रकाश अगदी हवा तसा. टाळ्या पडणार, एवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर सरांनी शांतपणे विचारलं, "समोरची फांदी कुणी बांधली?" पडद्याच्या उजव्या कडेला, नीट बघितलं तर, पांढऱ्या सुतळीचं टोक दिसत होतं. सावलीसाठी पक्ष्याने निवडलेली फांदी बाजूला ओढून बांधली होती. अशी उघडी पडलेली पिल्लं उन्हाने मरतात, कावळ्याच्या नजरेला पडतात, कधी आईबाप घरटं सोडून देतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणं येतं. त्या पोराला हे माहीत नव्हतं, असं मला अजून वाटतं. पण पुढची स्लाइड दाबताना माझाच हात जड झाला होता. घरट्याचे फोटो संमेलनात आणूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. काही जणांना हे टोकाचं वाटतं, वाटू दे.

त्याचाच भाऊ म्हणजे "कुठं मिळाला?" हा प्रश्न. दुर्मीळ घुबड किंवा साप दिसला, की चहाच्या रांगेत लगेच जागा विचारली जाते. विचारू नका आणि कुणी विचारलं तर गोड बोलून तालुक्याच्या नावावर थांबा. एक गोष्ट बरेच जण विसरतात: मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश बसलेले असतात. तोंडाने लपवलेली जागा फाइल सांगून टाकते. फोटो देण्याआधी ती माहिती काढून टाका.

पावसाळ्याच्या शेवटी संमेलन असलं की दुसऱ्या दिवशी पहाटे कासची फेरी असते. एसी हॉलमध्ये गार पडलेली लेन्स एकदम बाहेरच्या दमट हवेत काढली की काचेवर वाफ धरते. लोक ती रुमालाने घासतात आणि वर बोटांचे तेलकट डागही पाडतात. निघतानाच लेन्स झिपच्या पिशवीत बंद करा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, धुकं उतरलं तर दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. तेव्हा चिडू नका, अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स लावा.

पण फोटोसाठी जमिनीवर आडवं होताना खाली बघून आडवे व्हा. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर आहे. त्या ओल्या थरात सीतेची आसवं ही इवल्या निळ्या फुलांची रोपं उगवतात, आणि सूक्ष्म जीव पकडणारे त्यांचे इवले फुगेही त्याच मातीत असतात. एका निळ्या फुलाचा जमिनीलगतचा अँगल मिळवायला चटई पसरून पोटावर झोपलेल्या माणसाखाली दोनशे फुलं चिरडलेली मी पाहिली आहेत. उठल्यावर शर्टावर निळे ठिपके. पायवाटेवरच थांबा, हात लांब करा आणि कॅमेऱ्याचा हलणारा स्क्रीन वापरा. ड्रोन तर वनखात्याची परवानगी नसेल तर पिशवीतून काढूच नका. गर्दीच्या दिवसांत पठारावर ऑनलाइन बुकिंग लागतं. ते नोंदणीच्या पैशांत धरलंय का, आधी विचारा. नाहीतर यवतेश्वरचा घाट चढून गेटवरून माघारी यावं लागेल.

परीक्षणाच्या सत्रात फोटोची वकिली करू नये. "चार तास चिखलात बसलो होतो" हे खरं असतं, पण चिखल फोटोत दिसत नाही. ऐका, लिहून घ्या, भांडण एसटीत बसल्यावर मनातल्या मनात करा. लेन्सच्या स्टॉलवर जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या आणि आपल्या कॅमेऱ्याचं माउंट (लेन्स अडकते ती खाच) कोणतं ते पाठ असू द्या. निकॉनचं एफ आणि झेड वेगळं, कॅननचं ईएफ आणि आरएफ वेगळं.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, सातारा स्टेशन माहुलीच्या बाजूला, गावापासून बरंच लांब आहे, रिक्षाचा वेळ धरा. आम्ही सांगलीकर पेठ नाका-कराडवरून तीन तासांत पोहोचतो, असं म्हणतो आणि साडेतीन तासांत पोहोचतो. पेनड्राइव्ह आदल्या संध्याकाळीच टेबलावर आणून द्या. सोबत दुसरा, सारखाच, खिशात. आणि त्यावर आपलं नाव लिहा. माझ्या ड्रॉवरमध्ये आजच्या घडीला सहा बेवारस पेनड्राइव्ह पडून आहेत. एकात 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हेच फायनल' अशी तीन फोल्डरं आहेत, आणि तिन्ही रिकामी.