मारकुट्या नवऱ्याच्या तावडीतून सुटणाऱ्या बाईचा फिलिपिनो पिक्चर कसा बघायचा

असला पिक्चर लावला की पहिल्या वीस मिनिटांत आपण सगळे टीव्हीवर ओरडतो, अगं घटस्फोट घे आणि मोकळी हो ना! मीपण ओरडलो होतो. तर आधी हे डोक्यात घालून बसा की फिलिपिन्समध्ये घटस्फोटच नाहीये. मुस्लिमांसाठी 1977 चा वेगळा कायदा आहे आणि जोडीदार परदेशी असेल तर थोडी वाट आहे, तेवढं सोडलं तर नाहीच. बाकीच्यांनी एकतर लीगल सेपरेशन घ्यायचं, म्हणजे वेगळं राहता येतं पण दुसरं लग्न नाही, नाहीतर कोर्टातून लग्नच रद्द करून आणायचं, आणि त्यात वकिलाची फी आणि वर्षं दोन्ही जातात. 2024 मध्ये खालच्या सभागृहात घटस्फोटाचं बिल पास झालं होतं, पण कायदा काही झाला नाही. म्हणून नायिका वकिलाकडे न जाता गुपचूप बॅग भरते, तिला मूर्ख समजू नका.

दुसरं, बारांगायचा सीन नीट बघा. बारांगाय म्हणजे तिथला सगळ्यात छोटा सरकारी विभाग, त्याचा प्रमुख तो कॅप्टन. 2004 च्या कायद्याने बाई त्याच्याकडून नवऱ्याविरुद्ध संरक्षणाचा आदेश घेऊ शकते, तो लगेच मिळतो, पण चालतो फक्त 15 दिवस, पुढचं कोर्टातून. आता पिक्चरमध्ये कॅप्टन खुर्ची ओढून म्हणतो ना, बसा दोघं, मिटवून टाका, तिथे पॉज करा, कारण अशी तडजोड करायला लावायला त्याच कायद्याने त्याला बंदी आहे. हे माहीत असलं की तो साधा बोलण्याचा सीन मारामारीपेक्षा भीतीदायक वाटतो.

मारामारीत तिचे हात बघा. आर्निस म्हणजे काठ्यांची तिथली युद्धकला, 2009 पासून कायद्याने राष्ट्रीय खेळ, आणि तिची गंमत अशी की काठीचीच हालचाल सुऱ्यालाही चालते आणि रिकाम्या हातालाही, त्यामुळे किचनमधल्या झाडूच्या दांड्याने ती त्याच्या मनगटावर मारते तेव्हा दिग्दर्शकाने उगाच काहीतरी घातलंय असं नसतं. हत्यार धरलेल्या हातावरच आधी मारायचं, ही आर्निसची जुनी शिकवण. पण बाई कधीच काही शिकलेली नाही आणि अचानक दहा जणांना लोळवते, असं असेल तर मात्र खुशाल हसा.

नवऱ्याला मारूनच ती सुटली तर पुढे काय, असा प्रश्न पडतोच. लेयते बेटावर 1995 मध्ये आठ महिन्यांच्या गरोदर बाईने मारहाण करणाऱ्या नवऱ्याला ठार केलं, खालच्या कोर्टाने मृत्युदंड सुनावला, 2004 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने शिक्षा कमी केली. आणि दोनच महिन्यांनी आलेल्या त्या बारांगायवाल्याच कायद्यात लिहिलं गेलं की सततच्या मारहाणीने जिची मनःस्थिती बिघडलीये असं कोर्टात सिद्ध होतं, तिच्यावर गुन्हा लागत नाही. शेवटचा सीन कोर्टाचा असेल तर तिथे याच्यावरच वाद चाललेला असतो.

आणि डब केलेला बघू नका राव, तागालोग, म्हणजे तिथल्या भाषेतला, ऑडिओ ठेवून सबटायटल लावा. "पो" हा शब्द कानात ठेवा, आपल्या "अहो-जाहो"सारखा आदराचा आहे, सासूशी बोलताना वाक्यावाक्याला येतो. तो कुठल्या सीनपासून येईनासा होतो ते बघा, सबटायटलमध्ये हे दिसतच नाही.