जर्मन दुकानदाराचे नाव असलेल्या जुन्या घड्याळाचे वय कसे ठरवावे

तबकडीवर बर्लिन किंवा ड्रेस्डेनचे नाव असले, तरी घड्याळ तिथे तयार झाले असे होत नाही. जर्मनीत विकली गेलेली असंख्य खिशातली घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये बनली आणि तबकडीवर फक्त दुकानदाराचे नाव छापले गेले. म्हणून झाकणाच्या आतला क्रमांक पाहून अनुक्रमांकांच्या तक्त्यात वर्ष शोधण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. तो क्रमांक बहुधा केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच, बनवणाऱ्याचा असतो. यंत्रावर कारखान्याची खूण स्पष्ट असेल, तरच तक्त्याला हात लावावा.

झाकण उघडून चांगल्या भिंगाखाली आतील सर्व शिक्के आणि अक्षरे टिपून घ्यावीत.

पुढची पायरी शिक्क्यांची, आणि मला सर्वांत जास्त त्रास याच पायरीने दिला. चांदीच्या केसवर चंद्रकोर आणि राजमुकुट, किंवा सोन्याच्या केसवर वर्तुळात राजमुकुट दिसला की अनेक जण लगेच ‘१८८८ चे घड्याळ’ असे जाहीर करतात. त्या वर्षी १ जानेवारीला सोन्या-चांदीच्या शुद्धतेचा १८८४ चा जर्मन कायदा अमलात आला एवढेच खरे. हा शिक्का आजही वापरात आहे. त्यामुळे त्यावरून घड्याळ १८८८ पूर्वीचे नाही इतकेच कळते, वरची मर्यादा कळत नाही. चांदीच्या केसवर ०.८०० या शुद्धतेच्या आकड्याजवळ ग्राउस पक्षी किंवा ०.८७५ जवळ उभे अस्वल असेल, सोन्यावर ०.५८५ जवळ खार असेल, तर तो स्विस शिक्का १८८२ ते सुमारे १९३४ या काळातला असतो. दोन्ही देशांचे शिक्के एकत्र असतील तेव्हा १८८८ ते १९३४ एवढा काळाचा पट्टा हाती येतो. सेहेचाळीस वर्षांच्या या पट्ट्याला वय म्हणणे धाडसाचे आहे, पण पुढचा सगळा शोध त्याच्या आतच करायचा असतो.

हा पट्टा आवळण्यासाठी आतल्या झाकणावर कोरलेली प्रदर्शनांतली पदके वाचावीत, कारण प्रदर्शनाचे वर्ष कोरलेले असेल तर ते झाकण त्यापूर्वीचे असू शकत नाही. डी. आर. जी. एम. ही अक्षरे, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या नोंदणीकृत उपयुक्त रचनेची खूण, ऑक्टोबर १८९१ पासूनचीच असतात.

मात्र माझा सर्वाधिक भरवसा दुकानदाराच्या गावावर आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण नजरेआड करतात. ‘श्ट्रासबुर्ग इम एल्सास’ (आजचे फ्रान्समधले स्ट्रासबर्ग) असे लिहिलेले घड्याळ १८७१ ते १९१८ या जर्मन राजवटीतलेच असण्याची दाट शक्यता असते. बदललेल्या गावांची जुनी नावेही अशीच काळ सुचवतात: शार्लोटेनबुर्ग १९२० मध्ये बर्लिनमध्ये विलीन झाले, एल्बरफेल्ड आणि बार्मेन १९२९ मध्ये एकत्र आले. ब्रेस्लाउ आणि श्टेटिन १९४५ मध्ये पोलंडमध्ये गेली. ‘होफउअरमाखर’, म्हणजे दरबारी घड्याळजी, ही पदवी असेल तर १९१८ च्या आधीचा काळ प्रथम तपासावा, पण काही दुकानांनी ती नंतरही मिरवली हे विसरू नये. रस्त्याचे नाव असेल तर त्या शहराच्या जुन्या पत्ता-पुस्तिका पाहाव्यात, ज्यांतील अनेक आता संगणकावर वाचता येतात. दुकान त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होते ते सापडले, की पट्टा एका झटक्यात काही वर्षांवर येतो.

वरची मर्यादा हवी असेल तर मागच्या झाकणाच्या आत घड्याळजींनी सुईने ओरखडलेल्या दुरुस्तीच्या तारखा शोधाव्यात. त्यांत आधी दिवस आणि मग महिना असतो. सर्वांत जुनी तारीख ही घड्याळाची कमाल मर्यादा, अर्थात यंत्र मूळ केसमध्येच असेल तर. भेटीच्या मजकुरातले वर्ष मी दुय्यम पुरावा मानतो, कारण वडिलांचे घड्याळ मुलाला देतानाही कोरीव काम करून घेत असत.

मनगटी घड्याळांत काम सोपे आहे. दुगेना आणि त्सेंट्रा ही विक्रेत्यांच्या संघांची नावे आहेत, म्हणून यंत्र पाहावे: दुरोवे या जर्मन यंत्र-कारखान्याचे यंत्र १९३३ पासूनचे, आणि ‘वेस्ट जर्मनी’ अशी अक्षरे साधारण १९४९ नंतरची. जुन्या चमकणाऱ्या काट्यांवर रेडियम असू शकते, ते खरवडू नये.