जिन्यातला दिवा लागत नाही: दुरुस्तीला बसण्याआधीची तयारी

साताऱ्याला आई-बाबांच्या घरी जिन्यात हालचाल ओळखणारा सेन्सर बसवून दोन वर्षं झाली. आईचे गुडघे दुखतात आणि रात्री पाणी प्यायला ती खाली उतरते, तेव्हा पाऊल पडताच दिवा लागावा एवढीच अपेक्षा होती. तो दिवा आठवड्यातून दोन-तीनदा लागेनासा झाला. मी गेले, घाईघाईत सेन्सर रीसेट केला, पुन्हा जोडला, दिवा लागला आणि पुण्याला परतले. तिसऱ्या रात्री आई पुन्हा अंधारात जिना उतरली. रीसेट करताना सेन्सर कुणामार्फत बोलत होता, कधी गप्प झाला, याचा सगळा माग मीच पुसून टाकला होता. दुसऱ्या खेपेला मात्र जाण्याआधी आठवडाभर तयारी केली. ती इथे लिहून ठेवते आहे. आमच्याकडे झिगबीची (कमी विजेत, एकमेकांमार्फत रेडिओने बोलणारी) उपकरणं, थोडे वाय-फायचे प्लग आणि रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (पुढे नुसता 'पाय') होम असिस्टंट, म्हणजे ही सगळी उपकरणं चालवणारी प्रणाली, आहे. तुमची मांडणी थोडी वेगळी असली तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यांत आधी वही, आणि ती घरात राहणाऱ्या माणसाच्या हातात. मी आईला फोनवर सांगितलं, "नुसतं चालत नाही म्हणू नकोस. घड्याळ बघ आणि लिही." दिवा लागला नाही ती वेळ, त्याआधी लाइट जाऊन आली होती का, मायक्रोवेव्ह किंवा पाण्याची मोटर चालू होती का, घरातलं कोण कुठे होतं, एवढंच लिहायचं. सात दिवसांच्या नोंदी असल्याशिवाय कशालाही हात लावू नका. त्याच आठवड्यात होम असिस्टंटमध्ये झिगबीच्या नोंदी तपशीलवार सुरू करून ठेवा, म्हणजे वहीतली वेळ आणि यंत्रातली वेळ शेजारी-शेजारी लावता येते. यात एक अडचण येते. पाय ४ मध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट गेली, पाय बंद पडला आणि परत सुरू होताना इंटरनेट नसलं, तर त्याची वेळ मागे राहते. त्या दिवसाच्या नोंदी जुळवताना हे ध्यानात असू द्या.

मग बॅकअप. तो पायच्या मेमरी कार्डावर ठेवून भागत नाही, कारण ऐनवेळी वीज जाऊन तेच कार्ड खराब होऊ शकतं. लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि फाइल खरंच उतरली आहे ना ते बघा.

आता घराचा नकाशा, आणि यावर वेळ घालवा. वहीच्या पानावर दोन्ही मजले काढा, प्रत्येक उपकरण मांडा आणि त्याच्या शेजारी लिहा: विजेवर की सेलवर. झिगबीत बहुतेक विजेवरची उपकरणं दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवतात, सेलवरची पोचवत नाहीत. सेलवरचा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. तो जागा झाला की आपल्या जवळच्या एखाद्या विजेवरच्या उपकरणाला निरोप देतो आणि ते उपकरण तो मुख्य डोंगलपर्यंत, म्हणजे पायच्या यूएसबीत खोचलेल्या झिगबीच्या रेडिओपर्यंत, नेतं. मधला हा दुवा नाहीसा झाला तर दुसरा शोधायला काही सेन्सर फार वेळ लावतात, काही तर जुन्यालाच धरून बसतात. आमच्या नकाशात जिन्याच्या सेन्सरचा निरोप वरच्या पॅसेजमधल्या स्मार्ट बल्बवरून जात होता. आईच्या वहीत दिसलं की दिवा न लागलेल्या प्रत्येक रात्री बाबा वरच्या खोलीत झोपले होते. वर झोपायला गेले की ते पॅसेजचा दिवा बोर्डावरच्या बटणाने बंद करतात, म्हणजे त्या बल्बची वीजच जाते. त्यांनी आयुष्यभर वीज वाचवली आहे, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. चूक माझी होती: ज्याचं बटण माणसं रोज बंद करणार, त्या बल्बवर मी घराचा निरोप्या नेमला होता. नकाशात असे बल्ब लाल पेनाने गोल करा.

बोर्डात बसवलेले स्मार्ट स्विच असतील तर नकाशात आणखी एक खूण करा: न्यूट्रल (विजेची परतीची वायर) आहे की नाही. जुन्या घरांत बऱ्याच बोर्डांमध्ये न्यूट्रलची वायर आणलेलीच नसते. न्यूट्रलशिवाय चालणारे झिगबी स्विच विजेवर असूनही बहुधा निरोप पुढे नेत नाहीत, म्हणून त्यांच्या भरवशावर सेन्सर दूर लावू नका. स्विच लोखंडी पेटीत बसवला असेल तर तेही लिहा, धातू रेडिओलहरी अडवतो. सेन्सर आणि डोंगल यांच्या मध्ये येणारं लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकीही नकाशात हवी. आरसीसीच्या स्लॅबमध्ये सळ्या असतात, त्यामुळे दोन मजल्यांमधलं पाच फुटांचं अंतर मोकळ्या खोलीतल्या पाच फुटांसारखं धरू नका.

बोर्ड उघडावा लागणार असेल तर वायरमनला आधीच सांगून ठेवा. इन्व्हर्टरच्या घरात एक गोष्ट कळकळीने सांगते: मेन स्विच पाडला की इन्व्हर्टर सुरू होतो आणि दिव्यांच्या लाइनमध्ये वीज येतच राहते. मेनबरोबर इन्व्हर्टरचं आउटपुटही बंद झालं पाहिजे, आणि टेस्टर चालू पॉइंटवर तपासून मगच बोर्डातल्या वायरींना लावायचा. वायरमन आला तरी हे दोन्ही झालं का, ते स्वतः उभं राहून बघा.

रेडिओची तयारी घरबसल्या होते. झिगबी आणि वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. वाय-फायचा १ नंबरचा चॅनल झिगबीच्या ११ ते १४ वर पसरतो, ६ नंबरचा १६ ते १९ वर, ११ नंबरचा २१ ते २४ वर. मोकळे सापडतात ते १५, २०, २५ आणि २६, पण २६ वर काही उपकरणं कमी ताकदीने बोलतात, त्यामुळे तो मी टाळते. हे गणित राउटर २० मेगाहर्ट्झ रुंदीवर असेल तेव्हाचं. तो ४० वर असेल तर आधी २० वर आणा. त्याने भागलं तर झिगबीचा चॅनल बदलू नका. तो बदलला की काही उपकरणं आपोआप मागोमाग येतात, काहींना, विशेषतः सेलवरच्यांना, एकेक करून पुन्हा जोडावं लागतं. शिडीवर चढून करायचं ते काम आहे.

डोंगल कुठे खोचलेला आहे याचा फोटो घरच्यांकडून मागवा. पाय ४ ची निळी भोकं यूएसबी ३ ची. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर येतो, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केलं आहे. आमचा डोंगल निळ्या भोकात होता आणि शेजारी चिकटून एसएसडी (साठवणीची डिस्क). म्हणून पिशवीत पहिली वस्तू जाते ती दीड-दोन मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर: डोंगल काळ्या भोकात, आणि वायरीने पाय, एसएसडी व राउटर यांच्यापासून लांब.

पिशवीत बाकी काय: सेन्सरला लागतात त्याच नंबरचे नवे सेल, आमच्याकडे सीआर२०३२ आणि सीआर२४५०. ॲपमधला टक्क्यांचा आकडा फारसा भरवशाचा नसतो, आणि मल्टिमीटरवर ठीक दिसणारा सेलही रेडिओ चालू होताच खाली बसू शकतो, म्हणून शंका असेल तिथे सरळ बदला. काढलेले बटणसेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळा. घरात लहान मूल असेल तर हे अजिबात विसरू नका, गिळलेला बटणसेल जिवावर बेततो. पाय ४ साठी ३ अँपिअरचा चांगला ॲडाप्टर घ्या. मोबाइलच्या चार्जरवर तो चालतो आणि मधेच अडखळतो. रीसेटसाठी सिम काढायची पिन, टॉर्च, आणि निरोप पुढे नेणारे दोन झिगबी प्लग.

वाय-फायच्या प्लगांचं काम थोडं आहे. प्रत्येकाचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा नंबर) राउटरमध्ये कायम करा. लाइट आल्यावर प्लग लगेच जागे होतात, राउटरला वेळ लागतो, आणि काही प्लग तेवढ्यात हार मानतात. राउटर इन्व्हर्टरवर घेतला की हा प्रश्न बराचसा मिटतो.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेलं झेड-वेव्हचं (झिगबीसारख्याच दुसऱ्या रेडिओपद्धतीचं) उपकरण ठेवणीत असेल तर ते पिशवीत घेऊच नका. अमेरिकेत ते ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, भारतात ८६५ च्या. ते इथल्या उपकरणांशी कधीच बोलणार नाही.

कामाचा क्रमही आधीच कागदावर हवा. आधी डोंगल हलवायचा आणि एक दिवस थांबायचं. मग निरोप्या प्लग जोडायचे, तेही जिथे कायम राहणार त्याच जागी. सेन्सरला हात सगळ्यांत शेवटी, आणि त्यालाही जिन्यातच पुन्हा जोडायचं, टेबलावर आणून नव्हे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वेळ वहीत. हे एका दुपारचं काम नाही, म्हणून निदान तीन रात्री मुक्काम धरा. मी शुक्रवारी पोचले आणि सोमवारी निघाले. जिन्याच्या तोंडाशी, ज्या प्लगला कुणी हात लावत नाही तिथे, नवा निरोप्या बसला. बाबा पॅसेजचा दिवा अजून बंद करतात. वही मी आईकडेच ठेवून आले आहे.