एपिक थिएटर करताय? मग या चुका टाळा

पावसाळ्यात पुण्यात कॉलेजांच्या एकांकिकांच्या तालमी लागल्या की कुणीतरी हमखास सांगतं, ‘आमचं ब्रेख्तियन आहे’, म्हणजे जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तच्या एपिक थिएटरच्या धर्तीचं. बघायला बसलं की सूत्रधार असतो, गाणी असतात, पाट्या धरलेला मॉब, म्हणजे नटांचा समूह, असतो. मधले प्रसंग मात्र नखशिखान्त वास्तववादी. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

अशी एक तालीम अजून डोक्यातून जात नाही. विषय वाड्याचा. बिल्डर येतो, जुनी भाडेकरू आजी जागा सोडायच्या कागदावर सही करते. सही करताना ती तुळशीवृंदावनाकडे बघून रडायची, मागे बासरी, मग मॉब पुढे येऊन त्याच दुःखाचं गाणं म्हणायचा. बघणारे डोळे पुसत होते, दिग्दर्शक खूश. मी विचारलं, आजीला पैसे किती मिळाले? कागद तिला वाचून कुणी दाखवला? मुलगा तेव्हा कुठे होता? एकाचंही उत्तर नाटकात नव्हतं. हे टळू शकलं असतं, असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. मग पाट्या हव्यात कशाला?

वास्तववादी नाटक आपल्याला पात्राच्या शेजारी नेऊन बसवतं; त्याच्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं, असं वाटायला लावतं. एपिक थिएटर तोच माणूस समोर उभा करून विचारतं, यानं हेच का केलं आणि फायदा कुणाचा झाला? त्यासाठी प्रसंगाची बांधणीच बदलावी लागते. बासरी मी काढायला लावली. ‘आजी सही करते’ ही पाटी सहीच्या आधी आणली. काय होणार हे कळल्यावर लक्ष कसं होतं याकडे गेलं. बिल्डरच्या माणसानं आजीला अदबीनं खुर्ची दिली, बोट नेमकं सहीच्या जागेवर ठेवलं, आणि मुलानं तिचा चष्मा खिशातून काढलाच नाही. ब्रेख्तचा गेस्टस तो हाच: माणसामाणसांतला व्यवहार अंगातून दिसणं. गाण्यात चौरस फुटांचा हिशेब आला.

दुसरी चूक, ‘भावना नकोत, कोरडं बोला.’ १९४९ साली बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या ‘मदर करेज’ या नाटकात युद्धावर धंदा करणाऱ्या आईचं काम करताना अभिनेत्री हेलेन वायगेल मुलाला मारल्याच्या गोळ्या ऐकून तोंड वासून, आवाज न काढता किंचाळली. यात कोरडं काय आहे? पण त्याच प्रसंगात ती आई मुलाला सोडवायच्या लाचेच्या रकमेवर घासाघीस करत वेळ घालवते, तेही लख्ख दिसतं. १९४१च्या झुरिकच्या प्रयोगात अनेकांना फक्त दुःखी आई दिसली, तेव्हा ब्रेख्तनं पुढे संहितेत बदल करून तिची धंद्याची बाजू ठळक केली. दुःख होतं तिथेच राहिलं. माझ्या तालमीत नट आधी आपली वाक्यं ‘ती म्हणाली’ लावून भूतकाळात बोलतात. ही ब्रेख्तचीच युक्ती. घाईतली मुलं ती पहिल्याच दिवशी टाळतात, आणि ते लगेच दिसतं.

लोकनाट्याचा बाज घेतला म्हणजे एपिक झालं, असंही नाही. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत बघा: ती भजन म्हणते आणि मागचं पाप झाकते. तुमचा मॉब काय करतो, ते सांगता आलं पाहिजे.

पूर्ण वेळ पांढरा प्रकाश ही शैली तेव्हाच, जेव्हा ती ठरवून केलेली असते. लाइट्सना वेळ उरला नाही म्हणून नव्हे.

वास्तववादाला हिणवू नका. ब्रेख्त स्वतःला वास्तववादीच मानायचा.

आणि एका बाजूला ‘नाट्यात्मक’, दुसऱ्या बाजूला ‘एपिक’ असा जो तक्ता सगळे पाठ करतात, तो ‘महागनी’ या ऑपेरावरच्या १९३०च्या टिपणातला आहे. तिथेच ब्रेख्तनं स्पष्ट केलंय की या टोकाच्या विरुद्ध गोष्टी नाहीत, भर कशावर द्यायचा एवढाच फरक आहे. तक्ता तालमीत वाटणार असाल, तर हे वाक्यही त्यावर छापा.